मक्याला सांगितलेलं

मी परसात गोड मका लावते, याचं गावाला अजून नवल वाटतं. आमचं गाव केजपासून जवळ, जमीन ज्वारीची आणि माणसंही ज्वारीचीच. मका म्हणजे म्हशीचं खाणं. माणसानं मका खायचा तो केजच्या एसटी स्टँडबाहेर, तोही गाडी चुकली तर. त्यात हा अमेरिकन मका. त्याचं बी दर वेळी विकत आणावं लागतं आणि त्याची भाकरीही होत नाही. ‘म्हातारीला ह्या वयात काय येड लागलंय’ असं माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण माझं तोंड गावाला माहीत आहे. पण माघारी म्हणतात. म्हणू देत. मी मका लावत राहिले ते खाण्यासाठी नव्हे. माझ्या धाकट्या जावेला माझ्याशी बोलता यावं म्हणून लावत राहिले.

हे सांगायचं तर वाटणीपासून सांगावं लागेल.

आमचे हे थोरले आणि दीर धाकटे. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला चुलीवरचं दूध कधी उतू जातं तेही कळत नव्हतं. माहेर उमापूरकडचं, गोदावरीच्या अंगाचं, बागायती. आमच्या कोरडवाहू घरात ती आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात मला म्हणाली, “अक्का, इथं पाणी देवाला दावायला तरी मिळतंय का?” मी हसले आणि ती माझी झाली. दिवसभर तिच्या तोंडात अक्का. अक्का, मीठ बघा. अक्का, आभाळ आलंय, वाळवण काढू का. मला सख्खी बहीण नाही, त्यामुळे ही हाक मला कधी जास्त झाली नाही. उलट दुपारी ती झोपली की घर मुकं वाटायचं.

पुढे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं. भावांचं भांडण चुलीच्या धुरासारखं असतं, कोपऱ्यात पेटलं तरी सगळ्या घराचे डोळे चुरचुरतात. वाटणी झाली. परसाच्या मधोमध छातीएवढी दगडी भिंत आली. भिंतीचा शेवटचा दगड बसला त्या दिवशी अंगणात परत शब्दाला शब्द लागला, आणि आमच्या ह्यांनी सगळ्यांदेखत मला शपथ घातली, “ह्यापुढं त्यांच्या माणसाशी बोललीस तर माझं मेलं तोंड बघशील.”

दीर कशात मागं राहणारे नव्हते. धाकटीच्या कडेवर त्यांचं एकुलतं एक लेकरू होतं, नुकतं रांगायला लागलेलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ते धाकटीला म्हणाले, “अन् तू ह्या बाईशी बोललीस तर ह्या लेकराची आण हाय तुला.”

धाकटीनं लेकराला असं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

आमच्याकडे शपथ ज्यानं घातली त्यानंच सोडवायची असते. त्यानं ‘सुटली’ म्हटलं की सुटली. दुसऱ्यानं गंगेत उभं राहून म्हटलं तरी उपयोग नाही. मी सातवी शिकलेली बाई, मांजर आडवं गेलं तर मांजरालाच शिव्या देणारी. माझा असल्या गोष्टींवर विश्वास आहे का? नाही. पण नवऱ्याच्या जिवावर तो पडताळून बघायची माझी छाती नव्हती. आणि धाकटीनं लेकराच्या जिवावर पडताळून बघावं असं मी तरी कोणत्या तोंडानं म्हणणार?

बोलणं बंद झालं. बंद म्हणजे कसं, तर म्हैस होती.

म्हैस वाटणीत दिरांकडे गेली आणि भिंतीला लागूनच बांधलेली असे. एका सकाळी मी भांडी घासत होते आणि पलीकडून आवाज आला, “म्हशे, आज माझ्या कालवणाला चवच न्हाई बग. मसाला कुटायचा राहिला.” मी हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत राहिले. मग मसाल्याची पुडी बांधून भिंतीवर ठेवली आणि म्हणाले, “म्हशे, भिंतीवर काय ठेवलंय ते कावळ्यानं न्यायच्या आधी उचलावं.”

त्या दिवसापासून म्हशीला गावातल्या सगळ्या बातम्या कळायला लागल्या. कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाच्या घरी चहात साखर कमी पडते, लेकराला दात आला, माझी कंबर धरली. म्हैस रवंथ करायची आणि आम्ही तिच्या दोन बाजूंनी बोलायचो. शपथ मोडत नव्हती. मी त्यांच्या माणसाशी बोलत नव्हते, म्हशीशी बोलत होते. आमचे हे कधीमधी ओसरीवरून ऐकायचे आणि तंबाखू मळत बसायचे. फक्त एक गोष्ट म्हशीला सांगता येत नव्हती. अक्का ही हाक. म्हशीला कोण अक्का म्हणेल?

मग दीर गेले. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर होते. कडा गावाकडून रिकामी ट्रॉली घेऊन येताना छातीत कळ आली आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून तिथंच टेकले, ते उठले नाहीत. ज्या भावाचं तोंड आमचे हे बघत नव्हते, त्याला खांदा देताना मात्र पोराबाळांदेखत मोठ्यानं रडले. दहाव्यावरून आले, अंघोळ केली आणि ओल्या पंच्यानं तसेच माझ्यासमोर उभे राहिले.

“सुटली,” म्हणाले. “तुझी शपथ सुटली. जा तिच्याकडं.”

मी धावतच गेले. ती चुलीपुढं बसली होती. मी तिला जवळ घेतलं, कितीतरी वर्षांचं एका दमात बोलले, रडले. तीही माझ्या खांद्यावर रडली. पण बोलली नाही. मी म्हटलं, अगं बोल, आता सुटली शपथ. तिनं मला हाताला धरून परसात नेलं, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हशीकडे बघून म्हणाली, “म्हशे, तेंची सुटली गं. माझी कोण सोडवायचं? सोडवणाराच गेला.”

 हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी काय काय करून पाहिलं. आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही थोरले भाऊ, तुम्ही सोडवा. ते मान खाली घालून म्हणाले, “ज्याची आण त्यानंच सोडवावी लागती. माझ्या हातात असतं तर मी एवढ्या दिवस बसलो असतो का?” शेजारगावच्या एका बुवाला विचारलं. तो म्हणाला, एवढं दान करा, आण फिटेल. धाकटीनं ते ऐकून घेतलं आणि संध्याकाळी म्हशीला विचारलं, “बुवाचं पोरगं हाय व्हय ते? त्याचं काय जातंय फिटली म्हणायला?”  तिनं एकट्यानं वाढवलेलं पोर होतं ते. ताप आला तरी ती रात्रभर त्याचा श्वास मोजत बसायची. त्या पोराच्या जिवाची पैज ती कुणाच्याही सांगण्यावरून लावणार नव्हती, आणि मी तिच्या जागी असते तर मीही लावली नसती.

तेव्हापासून मी तिच्याशी बोलायची आणि ती म्हशीशी. याचीही सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. पण मनात एक हाव राहिली की मरायच्या आधी हिच्या तोंडून एकदा अक्का ऐकावं. देवापुढं हात जोडले की नातवंडांच्या आधी हेच तोंडात यायचं.

पोरगं मोठं होऊन पुण्याकडे कंपनीत लागलं आणि म्हैस म्हातारी होऊन मेली. म्हैस मेल्याचं दुःख मला माझ्या सासूच्या मरणापेक्षा जास्त झालं, हे मी कुणाला सांगितलं नाही. धाकटी भिंतीशी यायची, धुणं वाळत घालायची, माझं ऐकायची, मान हलवायची, जायची. बोलायला काही जितंजागतं, ऐकणारं हवं, असा तिचा हिशेब. दगडाशी बोललं तर ते भिंतीआडच्या माणसाशीच बोलल्यासारखं होतं म्हणे. तुळस होती, पण तुळशीला गावच्या भानगडी कशा सांगायच्या? बकऱ्या दिवसभर रानात. तिनं कोंबडीवर प्रयत्न केला. कोंबडी एका जागी थांबत नाही. अर्धं वाक्य इकडं, अर्धं उकिरड्यावर. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो आणि त्यानंतर पुन्हा सगळं गप्प झालं. ते गप्प होणं मला खायला उठायचं.

त्याच पावसाळ्यात माझ्या लेकानं केजच्या कृषी दुकानातून गोड मक्याची पुडी आणली, नातवंडांसाठी. आमच्याकडे मका लावायचा तर बांधाला, एका रांगेत. मीही भिंतीच्या कडेनं एक रांग टोकली आणि विसरून गेले. मका भिंतीच्या वर गेला, तुरे आले, आणि एका सकाळी पलीकडून आवाज आला.

“काय रं मक्या, लई माजलास की.”

मी हातातला झाडू टाकून धावले. ती भिंतीवर कोपर टेकून, मक्याच्या पानाला बोटानं चाचपत उभी होती, आणि डोळे पाण्यानं भरलेले.

ती पहिली कणसं मात्र फसली. सोलून बघते तर दाणा इथं एक, तिथं एक, मधे नुसत्या फटी. बोळकं झालेल्या म्हातारीच्या तोंडासारखी. मी चिडून म्हटलं, बी खोटं दिलं मेल्यानं. धाकटीनं मक्याकडे तोंड केलं. “बी खोटं न्हाई. तुला एका रांगेत उभं केलंय, त्याला बी काय करील? वारं सुटलं की तुझ्या तुऱ्याची धूळ समदी दुसऱ्याच्या रानात. कणसाचा एक एक केस म्हंजी एक एक दाणा. ज्या केसावर धूळ पडली न्हाई तिथं दाणा न्हाई. चार रांगा शेजारी-शेजारी लाव म्हणावं.” बागायती माहेरची पोर ती. मी आयुष्यभर शेती केलेली बाई, पण मक्याला शेजार लागतो हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या खेपेला भिंतीलगत चौकोन करून लावला. तुरे फुटले की आम्ही सकाळी, दव वाळल्यावर, ताटं हलवायचो. मी इकडून, ती भिंतीवरून हात लांबवून. पिवळी धूळ आमच्या दोघींच्या केसांत पडायची. पोंग्यात, शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, अळी शिरली की ती चिमूट चिमूट राख टाकायची आणि अळीला अशा शिव्या द्यायची की मलाच लाज वाटावी. कणसाचे केस काळपट सुकले की दाण्याला नख लावून बघायचं, दुधासारखं पाणी आलं की तयार. “आधी चुलीवर पाणी ठेवायचं, मग तोडायचं,” ती मक्याला सांगायची, “तुजी गोडी लई लवकर जाती.” पहिलं कणीस भिंतीवर ठेवलं तेव्हा ती खाऊन मक्याला म्हणाली, “गूळ पिऊन वाढलास व्हय रं?” आमचे हे मात्र म्हणाले, मिठाशिवाय ह्यात काही दम नाही.

मका ज्वारीसारखा चार-पाच महिने थांबत नाही. अडीच-तीन महिन्यांत उरकतो आणि मग ताटं बकऱ्यांना. म्हणून मी पेरायची सोय लावली. एका वाफ्याला तुरा आला की दुसऱ्या वाफ्यात बी टोकायचं, म्हणजे भिंतीशी कायम काहीतरी उभं असेल. एकदा ज्वारीसारखं बी धरायला म्हणून चांगलं कणीस आढ्याला टांगलं, तर दाणे असे सुरकुतले की मी मेलं समजून टाकायला निघाले. धाकटी मक्याजवळ हसली. “गोड बियाचं असंच अस्तंय, वाळल्यावर म्हातारं दिसतंय.” लावलं तर उगवलं, पण एकसारखं नाही. तेव्हापासून पुडीच आणते.

आणखी एक वर्ष असंच सुखाचं गेलं. सुखाचं म्हणते, कारण तेव्हा ते सुख होतं.

मग तो उन्हाळा आला. आमच्याकडे उन्हाळा कुणाला नवा नाही, पण त्या साली बोअर मधेच आटला आणि गावात टँकर सुरू झाला. मी भांड्यांचं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, अंघोळीचं पाणी, सगळं त्या वाफ्याला घातलं. सून कुरकुरली. तिचंही बरोबर होतं, प्यायला पाणी नाही आणि सासू मका भिजवते. तुरे निघता निघता करपले. पानं सुरळ्या होऊन वाळली. मी नवीन बी टोकलं, ते उगवलंच नाही. शेवटची वाळकी ताटं बकऱ्यांनी भिंतीवर पाय ठेवून ओढून नेली.

आणि तेव्हाच धाकटीचा लेक गाडी घेऊन आला. तिची साखर वाढली होती, गुडघ्यांनी उठता येत नव्हतं. “आईला घेऊन जातो, मोठी आई. इथं कोण बघणार?” चांगलं पोर आहे. बरोबर बोलत होतं. मी नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

निघायच्या आधी ती परसात आली. मीही भिंतीशी गेले. मी बोलत राहिले, गोळ्या वेळेवर घे, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नकोस, तिथं खिडकीत बसून राहू नकोस. ती माझा हात धरून उभी होती. मग तिनं वाफ्याकडे बघितलं. नुसती भेगाळलेली माती आणि खालचे खुंट. तिची नजर परसभर फिरली, उकिरड्यापर्यंत गेली आणि परत आली. तोंड उघडलं. ओठ हलले.  बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, “आई, ऊन व्हायच्या आत निघू,” आणि तिच्या लेकाचा आवाज ऐकताच तिनं तोंड मिटून घेतलं. माझ्या हातावर कपाळ टेकलं आणि गेली.

त्या दिवशी मी परसात बसून ओरडून रडले. दिरांना शिव्या दिल्या, मेलेल्या माणसाला देऊ नयेत तशा. आमचे हे ओसरीवर होते, ते आत निघून गेले.

ती पुण्याला गेल्यावर मी फोन करायची. तिचा लेक तिच्या कानाला फोन लावून द्यायचा आणि मी बोलायची. पलीकडून श्वास ऐकू यायचा, कधी बांगडी वाजायची. मी गावचं सगळं सांगायची. पाऊस पडल्याचं सांगितलं. वाफे परत केल्याचं सांगितलं. एकदा मीच म्हटलं, “येळवशीला ये. शेतात कोप घालू, भज्जी-आंबील करू. दसरा झाला की मका टोकते, तोवर डोक्याएवढा होईल.” येळवस म्हणजे आमची मार्गशीर्षातली वेळ अमावस्या; शेतात कडब्याची कोप घालून पूजा करायची आणि मिश्र भाज्यांची भज्जी खायची. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही शेतात बोलावून जेवू घालतात. मग लेकाचा आवाज आला, “मोठी आई, आई मान हलवतीय. येते म्हणतीय.”

मी दसऱ्याला पुडी आणली. थंडीत मका सावकाश वाढतो, त्याला जपत बसले. राख घातली, पोपट हाकलले. येळवशीला तीन-चार आठवडे उरले तेव्हा मका भिंतीच्या वर गेला होता आणि तुरे फुटले होते. मी तिची वाट बघत एकटीच ताटं हलवत होते.

येळवशीच्या आठवडाभर आधी फोन आला. ती सकाळी झोपेतून उठलीच नव्हती. तिकडंच सगळं उरकलं. मला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

दहाव्यासाठी लेक गावी आला. विधी झाले, पाहुणे पांगले, आणि दुपारी तो आमच्या परसात येऊन बसला. आता तिशी ओलांडलेला बाप्या, भादरलेलं डोकं, अगदी दिरांसारखं कपाळ. मका तयार होता. मी चुलीवर पाणी ठेवलं, मग कणसं तोडली. तो बघत होता.

“मोठी आई, एक विचारू? आई तुमच्याशी बोलत कावून नव्हती? मी लहानपणापासून बघतोय. मला वाटायचं वाटणीचा राग हाय.”

मी कणसं सोलत राहिले.

“पण राग असता तर तिनं तसं केलं नसतं,” तो म्हणाला. “तिथं गेल्यावर मला बी आणायला लावलं. बाल्कनीत बादलीत एक मका लावला. एकच. त्याला कणीस कुठलं येतंय, पण दिवसभर त्याच्यापाशी खुर्ची टाकून बसायची अन् त्याच्याशी बोलायची. बायको म्हणायची, आईंच्या डोक्याला काय झालंय का बघा.” तो थोडा हसला आणि मग त्याला रडू आलं. “त्याला अक्का म्हणायची. अक्का, आज ऊन लई हाय. अक्का, जेवलाव का. आम्हाला वाटायचं, मक्याला अक्का कोण म्हणतंय?”

पाणी उकळायला लागलं होतं. मला त्यात कणसं सोडायचं सुधरेना. तिनं हाक मारली होती. रोज मारली होती, आणि मी इथं फोनवर तिच्या बांगडीचा आवाज ऐकत होते.

त्याला सांगावं असं तोंडाशी आलं. सगळं आलं, अंगण, भिंत, त्याच्या डोक्यावर ठेवलेला बापाचा हात. पण त्याच्याकडे बघितलं आणि राहिलं. धडधाकट पोर. मेलेल्या आईच्या गप्प राहण्याचं ओझं त्याच्या मानेवर आता कशाला? तिनं जन्मभर जे राखलं ते माझ्यासमोर पाटावर बसलं होतं.

“राग नव्हता बाळा,” मी म्हटलं. “तिचं मक्यावर लई प्रेम होतं.”

कणीस उकडून मीठ लावून त्याच्या हातात दिलं. त्यानं एक घास घेतला, “गोड हाय,” म्हणाला आणि खाली मान घालून शेवटच्या दाण्यापर्यंत खात राहिला. मी त्याच्यासमोर बसून होते.